स्फटिकरचनेचे पहिले ॲनिमेशन : मिठापासून पेरोव्हस्काइटपर्यंत

स्फटिकरचनेचे स्थिर चित्र पाहताना एक अडचण नेहमी येते. दोन अणू एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण ते खरोखर शेजारी आहेत की एक पुढे आणि दुसरा बराच मागे आहे, हे चित्र सांगत नाही. रचना दहा-पंधरा अंश फिरली की हा संशय आपोआप फिटतो, कारण अक्षाच्या पुढचे अणू एका बाजूला सरकतात आणि मागचे दुसऱ्या बाजूला. ॲनिमेशनची खरी गरज इथे सुरू होते. पुढील लेखात पूर्णपणे नवख्या वाचकाने पहिले ॲनिमेशन कसे करावे, ते मिठाच्या, म्हणजे सोडिअम क्लोराइडच्या, साध्या रचनेपासून सांगितले आहे आणि शेवटी अणू प्रत्यक्ष हलवण्याच्या थोड्या अवघड कामाकडे वळले आहे.

आधी हालचाल ठरवावी

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एक वाक्य कागदावर लिहावे: ‘पाहणाऱ्याला यातून अमुक दिसले पाहिजे.’ हे वाक्य लिहिता येत नसेल, तर ॲनिमेशनची वेळ अजून आलेली नाही आणि एखादे चांगले स्थिर चित्र पुरेसे आहे. वाक्य लिहून झाले की हालचालीचा प्रकार बहुधा त्यातूनच निघतो. कधी रचना स्थिर असते आणि पाहणारा तिच्याभोवती फिरतो. पडद्यावर अर्थातच रचना फिरताना दिसते. कधी रेखाटन बदलते, म्हणजे एकामागून एक थर चढतात, बंध उमटतात किंवा गोळ्यांच्या जागी बहुफलक, म्हणजे सपाट बाजूंचे घनाकार, येतात. आणि कधी अणू स्वतः हलतात.

या तिसऱ्या प्रकाराबाबत सुरुवातीलाच सावध केलेले बरे. रचना फिरवताना आपण तिच्याविषयी नवे काहीही म्हणत नाही, पण अणू हलवला की तो खरोखर त्या वाटेने जातो असे विधान आपण करतो, आणि पाहणारा ते खरे धरून चालतो. म्हणून पहिले काम पहिल्या प्रकाराचेच घ्यावे.

कोणती साधने लागतात

तीन कामे वेगळी आहेत आणि ती तीन साधनांकडे सोपवणे सोयीचे पडते: रचना रेखाटणे, एकामागून एक चित्रे काढणे, आणि ती चित्रे जोडून चित्रफीत करणे.

रेखाटनासाठी ‘वेस्टा’ हे सॉफ्टवेअर नवख्यांना सर्वांत सुलभ वाटते. कोइची मोम्मा आणि फुजिओ इझुमी यांनी ते विकसित केले असून अव्यावसायिक वापरासाठी ते विनामूल्य आहे, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. चित्रांची मालिका आपोआप काढायची असेल, तर ‘जेमॉल’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर जास्त उपयोगी, कारण त्याला लिखित आज्ञा देता येतात. अणूंच्या हालचालीसाठी ‘ओव्हिटो’ची मूळ विनामूल्य आवृत्ती पुरते. जोडणीसाठी ‘फिजी’ आणि ‘एफएफएमपेग’ ही दोन मुक्त साधने आहेत. पहिले माऊसने चालते, दुसरे आज्ञांनी. ब्लेंडरमध्ये यापेक्षा देखणे काम होते हे खरे, परंतु प्रकाशयोजना, पृष्ठभागांचे गुणधर्म आणि कॅमेरा या तीन गोष्टी शिकता शिकता स्फटिक बाजूलाच राहतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या कामासाठी ठेवावे.

रचनेची फाइल मिळवणे आणि वाचणे

स्फटिकरचना सहसा ‘सिफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलीत ठेवलेली असते. हे स्वरूप १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने ते स्वीकारले आणि आज जवळपास प्रत्येक दृश्यीकरण सॉफ्टवेअरला ते समजते. ‘क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस’ या खुल्या संग्रहातून अशी फाइल मोफत उतरवता येते. खनिजांसाठी ‘अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट’ नियतकालिकाचा रचनासंग्रहही चांगला आहे.

फाइल मिळाल्यावर ती थेट वेस्टामध्ये न टाकता एकदा साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावी. सुरुवातीला घाबरवणारी ती फाइल खरे तर फार थोड्या गोष्टी सांगते. युनिट सेलच्या, म्हणजे जिच्या पुनरावृत्तीने सगळा स्फटिक बनतो त्या छोट्या पेटीच्या, तीन बाजू आणि तीन कोन, अवकाश-गटाचे, म्हणजे रचनेच्या सममितीच्या प्रकाराचे, नाव व क्रमांक, सममितीच्या क्रिया, आणि शेवटी अणूंची यादी. मिठासाठी बाजूची लांबी सुमारे ५.६४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आढळेल, तिन्ही कोन ९० अंश आणि अवकाश-गट क्रमांक २२५. आकड्याच्या शेवटी कंसात एखादा अंक असेल, तर तो मोजमापातील अनिश्चितता दाखवतो. लांबीचा भाग नव्हे.

अणूंच्या यादीत मात्र दोनच ओळी असतील, आणि जागा युनिट सेलच्या बाजूंच्या अपूर्णांकांत दिलेल्या असतील: शून्य, शून्य, शून्य या जागी सोडिअम आणि अर्धा, अर्धा, अर्धा या जागी क्लोरीन. बाकीचे अणू कुठे गेले, असा प्रश्न पडला तर वाचन योग्य दिशेने चालले आहे. बाकीचे अणू सममितीच्या क्रियांतून सॉफ्टवेअर स्वतः निर्माण करते, आणि या गटात अशा १९२ क्रिया आहेत. म्हणूनच सिफ फाइलीतील सममितीचा भाग चुकून पुसला गेला, की पडद्यावर दोन केविलवाणे गोळे उरतात.

यादीत ‘ऑक्युपन्सी’ नावाचा स्तंभ असेल तर तोही पाहावा. तिथे सगळीकडे १ असेल तर ठीक. अर्धा किंवा पाव असे आकडे असतील, तर त्या जागी कधी हा अणू तर कधी दुसरा, किंवा कधी कोणीच नाही, असा अर्थ होतो आणि वेस्टा असा गोळा फाकींमध्ये विभागून रंगवते. पहिल्या कामासाठी अशी रचना घेऊ नये.

मिठाचे चित्र नीट बसवणे

वेस्टामध्ये फाइल उघडताच युनिट सेल दिसते आणि तिच्यात एकूण २७ गोळे मोजता येतात: एका जातीचे १४ आणि दुसऱ्या जातीचे १३. पाठ्यपुस्तकात मात्र एका युनिट सेलमध्ये सोडिअमचे ४ आणि क्लोरीनचे ४ असे ८ अणू सांगितलेले असतात. दोन्ही बरोबर आहे. कोपऱ्यावरचा अणू आठ सेलमध्ये वाटलेला असतो, कडेवरचा चारांत आणि पृष्ठावरचा दोघांत; चित्र पूर्ण दिसावे म्हणून सॉफ्टवेअर सीमेवरचे सगळे गोळे अख्खे काढते. ही गोष्ट पुढे अणू हलवताना फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता गोळ्यांचे आकार पाहावेत. सुरुवातीच्या मांडणीत सोडिअम मोठा आणि क्लोरीन छोटा दिसेल, कारण वेस्टा प्रथम अणूंच्या त्रिज्या वापरते. मीठ मात्र आयनांचे, म्हणजे विद्युतभारित अणूंचे, बनलेले आहे. सहा शेजारी असलेल्या सोडिअम आयनाची त्रिज्या सुमारे १.०२ अँगस्ट्रॉम आणि क्लोराइडची सुमारे १.८१ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे प्रत्यक्षात नेमके उलट. गुणधर्मांच्या खिडकीत, म्हणजे ‘प्रॉपर्टीज’मध्ये, अणूंच्या पानावर त्रिज्येचा प्रकार ‘आयनिक’ केला की चित्र पालटते. एवढा एक बदल न करता फिरवलेली मिठाची रचना मी अनेकदा पाहिली आहे; ती सुंदर फिरते आणि चुकीची माहिती देते.

बंध ‘एडिट’ मेनूतील ‘बाँड्स’मधून ठरवावेत. सोडिअम आणि क्लोरीन यांच्यातील अंतर बाजूच्या अर्धे, म्हणजे २.८२ अँगस्ट्रॉम आहे, आणि दोन सोडिअममधील किमान अंतर जवळजवळ ४ अँगस्ट्रॉम. म्हणून सोडिअम-क्लोरीन जोडीसाठी कमाल लांबी ३ अँगस्ट्रॉम दिली की हवे तेच बंध येतात. मर्यादा काठावर ठेवू नये. २.८२ साठी २.८३ ही मर्यादा स्थिर चित्रात चालून जाते, पण पुढे अणू हलायला लागले की तोच बंध एका फ्रेममध्ये (चित्रफितीतील एका चित्रात) असतो आणि दुसरीत नसतो, आणि चित्र लुकलुकू लागते.

रंगांबाबत दोनच सूचना. ऑक्सिजन लाल, कार्बन करडा असे काही संकेत रूढ आहेत, ते विनाकारण मोडू नयेत. आणि लाल व हिरवा या दोनच रंगांवर सगळा भेद सोपवू नये, कारण हे दोन रंग वेगळे न दिसणारे वाचक असतातच. आकारातला फरक किंवा गडद-फिका असा भेद सोबत असावा.

शेवटी दृश्य समांतर प्रक्षेपात ठेवायचे की पर्स्पेक्टिव्हमध्ये, हे ठरवावे. समांतर प्रक्षेपात एका रेषेत असलेले अणू अगदी एकामागे एक लपतात आणि रचनेचे स्तंभ स्वच्छ दिसतात. पर्स्पेक्टिव्हमध्ये खोली जाणवते, पण तेच स्तंभ फाकतात. स्तंभ दाखवायचे असल्यास समांतर, हे माझे मत. सर्व मांडणी झाल्यावर वेस्टाची स्वतःची फाइल जतन करावी, म्हणजे रंग, त्रिज्या, बंध आणि दिशा पुन्हा बसवाव्या लागत नाहीत.

किती अंश, किती फ्रेम

येथे थोडे गणित करून घेतले की पुढचे तास वाचतात. सेकंदाला २४ फ्रेम हा वेग सर्वसाधारण कामाला पुरेसा असतो. रचना पूर्ण एक फेरी १० सेकंदांत करणार असेल, तर ३६० अंशांसाठी २४० फ्रेम लागतील आणि प्रत्येक फ्रेमला १.५ अंश फिरवावे लागेल. पाच सेकंदांत फेरी हवी असेल तर ३ अंश. त्याहून वेगाने फिरणारी रचना नवख्या डोळ्याला पेलत नाही. ती बनवणाऱ्याला ओळखीची असते, म्हणून त्याला संथ वाटते, इतकेच.

वेस्टामध्ये आपल्याला एक-एक चित्र हाताने काढायचे आहे आणि २४० वेळा ते करण्याची कल्पनाही नकोशी वाटते. इथे सममिती मदतीला येते. मिठाची रचना एका बाजूच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवली की जशीच्या तशी दिसते. म्हणजे ६० फ्रेमच काढाव्यात आणि त्याच पुन्हा पुन्हा चालवाव्यात. पाहणाऱ्याला अखंड फेरीच दिसेल. कोपऱ्यातील अक्षांचा छोटा बाणदर्शक मात्र आधी बंद करावा, कारण तो ९० अंशांनी जागेवर परत येत नाही आणि सगळे बिंग फोडतो.

अंश निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. वेस्टाच्या दृश्यात आपण एका अक्षाच्या दिशेने पाहत असू, तर समोर बुद्धिबळाच्या पटासारखी आलटून-पालटून सोडिअम-क्लोरीनची नक्षी असते आणि प्रत्येक गोळ्यामागे दुसऱ्या जातीचा गोळा दडलेला असतो. रचना ४५ अंश फिरली की एकाएकी सगळे बदलते: आता प्रत्येक स्तंभात एकाच जातीचे अणू एकामागे एक उभे राहतात, एका आडव्या ओळीत पाच स्तंभ दिसतात आणि त्यांत अनुक्रमे १, २, ३, २, १ अणू असतात. पूर्ण ॲनिमेशनमध्ये पाहण्यासारखा क्षण हाच आहे. म्हणून निवडलेल्या अंशाने ४५ ला निःशेष भाग गेला पाहिजे. दीड अंशाने जातो, तीननेही जातो. दोन अंश घेतले तर मात्र हा क्षण दोन फ्रेमच्या मधे हरवतो. दीड अंशाच्या हिशेबात शून्यापासून मोजल्यास तो तिसाव्या क्रमांकाच्या फ्रेमवर येतो, आणि तिथे तेच चित्र बारा वेळा ठेवले तर अर्धा सेकंद थांबा मिळतो.

आणि शून्य अंशाची फ्रेम काढल्यावर ९० अंशांची काढू नये. ती दोन चित्रे एकच आहेत. दोन्ही ठेवली तर प्रत्येक आवर्तनात रचना क्षणभर अडखळते. माझ्या पहिल्या ॲनिमेशनमध्ये हा अडखळा होता आणि त्याचा दोष मी दोन दिवस संगणकाच्या मंदपणाला देत होतो.

प्रत्यक्ष फिरवणे

वेस्टामध्ये दिशा ठरवण्याच्या ‘ओरिएंटेशन’ खिडकीतून एका आडव्या अक्षाच्या दिशेने दृश्य घ्यावे आणि तिसरा अक्ष पडद्यावर बरोबर उभा ठेवावा. वरच्या पट्टीतील पायरीच्या चौकटीत १.५ लिहावे. मग ‘फाइल’ मेनूतील ‘एक्सपोर्ट रास्टर इमेज’ने पहिले चित्र पीएनजी स्वरूपात जतन करावे, उभ्या अक्षाभोवती फिरवणारा बाण एकदा दाबावा, पुन्हा जतन करावे, आणि असे साठ चित्रे होईपर्यंत चालू ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदा हाताने केले की पुढे आज्ञा लिहिताना नेमके काय घडते आहे ते कळते. पडद्यावर रचना फिरती ठेवून स्क्रीन रेकॉर्ड करण्याचा मोह टाळावा. वेग एकसारखा राहत नाही, कडा खरखरीत येतात आणि आवर्तन कधीच जुळत नाही.

फाइलींची नावे इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आणि क्रमांक चार अंकी द्यावेत: ००००, ०००१, ०००२ असे. पुढची शून्ये गाळली की काही साधने १ नंतर थेट १० घेतात आणि रचना उड्या मारते.

आता एक सापळा, ज्यात बहुतेक जण पडतात. अगदी समोरून पाहिलेली रचना सपाट वाटते, म्हणून आपण ती आधी पुढे १५ अंश झुकवतो आणि मग फिरवतो. वेस्टाचा बाण मात्र पडद्याच्या उभ्या अक्षाभोवती फिरवतो, रचनेच्या अक्षाभोवती नाही. परिणामी रचनेचा झुकलेला अक्ष मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलत फिरतो, आणि ९० अंशांनंतर चित्र पहिल्यासारखे होत नाही. उपाय दोन आहेत: झुकवायचे असेल तर पूर्ण ३६० अंशांची फेरी काढावी, किंवा ९० अंशांतच भागवायचे असेल तर अक्ष सरळ उभा ठेवावा. झुकलेले दृश्य आणि स्थिर अक्ष दोन्ही हवे असतील, तर जेमॉलकडे जावे.

जेमॉलला काम सांगणे

जेमॉलच्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांच्याच आहेत: रचना उघडण्यासाठी ‘लोड’, फिरवण्यासाठी ‘रोटेट’, चित्र लिहिण्यासाठी ‘राइट’ आणि पुनरावृत्तीसाठी ‘फॉर’. सिफ फाइल उघडताना ‘लोड’च्या पुढे महिरपी कंसात किती सेल हव्यात ते तीन आकड्यांनी सांगावे लागते, एवढे लक्षात ठेवावे, नाहीतर फाइलीतील दोनच अणू दिसतात. त्यानंतरचा आराखडा वेस्टातल्या हातकामासारखाच आहे: शून्यापासून एकोणसाठपर्यंत मोजणारी एक ‘फॉर’ची फेरी, तिच्यात चित्र लिहिण्याची एक आज्ञा आणि दीड अंश फिरवण्याची दुसरी. आधी लिहावे, मग फिरवावे, म्हणजे पहिली फ्रेम शून्य अंशाचीच राहते. ‘रोटेट’मध्ये पडद्याच्या अक्षाऐवजी रचनेतलाच अक्ष देण्याची सोय आहे, त्यामुळे वरचा भोवरा इथे टळतो.

जेमॉलचे दृश्य सुरुवातीला पर्स्पेक्टिव्हमध्ये असते, ते समांतर हवे असल्यास बदलून घ्यावे. रंगही वेस्टापेक्षा वेगळे येतात: वेस्टातला पिवळा सोडिअम इथे जांभळा होतो. एकाच कामात दोन्ही सॉफ्टवेअर वापरत असाल, तर रंग हाताने सारखे करावेत.

चित्रे जोडणे

फिजीमध्ये ‘फाइल’, मग ‘इम्पोर्ट’, मग ‘इमेज सीक्वेन्स’ असे जाऊन फोल्डर निवडला की सगळी चित्रे एका गठ्ठ्यात येतात. सरकपट्टी ओढून क्रम तपासावा आणि एव्हीआय किंवा हलते गिफ म्हणून जतन करावे. गिफमध्ये एका वेळी २५६ च रंग मावतात, त्यामुळे चकचकीत गोळ्यांवर रंगांचे पट्टे उमटतात. गोळ्यांची चकाकी कमी केली की हा दोष बराच झाकला जातो.

सादरीकरणासाठी एमपी४ चांगले, आणि ते एफएफएमपेगने होते. तिथे तीन गोष्टी अडवतात. चित्राची रुंदी व उंची दोन्ही सम संख्या असाव्या लागतात, नाहीतर रूपांतरणच नाकारले जाते. रंगांचे स्वरूप ‘वाययूव्ही ४२०’ प्रकारचे स्पष्टपणे मागावे लागते, अन्यथा आपल्या संगणकावर उत्तम चालणारी चित्रफीत दुसऱ्याच्या संगणकावर काळी दिसू शकते. आणि पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर ती एमपी४मध्ये बहुधा काळी होते, म्हणून पांढरी किंवा गडद जी हवी ती रेखाटनातच भरावी. शक्य असल्यास चित्रे हव्या त्या मापाच्या दुप्पट काढून इथे निम्मी करावीत. बंधांच्या तिरप्या कडा त्यामुळे गुळगुळीत होतात.

रेखाटन बदलण्याचा प्रकार, म्हणजे थरावर थर चढवणे, याच पद्धतीने होतो. वेस्टातील ‘बाउंडरी’ खिडकीत उभ्या दिशेची कमाल मर्यादा थोडी थोडी वाढवत प्रत्येक वेळी चित्र काढावे. नवा थर येण्यापूर्वी अर्धा-पाऊण सेकंद थांबा दिला, तर नजरेला तो मोजता येतो.

अणू हलवणे : एक उदाहरण

स्ट्राँशिअम टायटनेट ही पेरोव्हस्काइट (त्याच नावाच्या खनिजासारखी) रचना या कामासाठी उत्तम आहे. खोलीच्या तापमानाला ती घनाकृती असते, बाजू ३.९०५ अँगस्ट्रॉम, अवकाश-गट क्रमांक २२१. प्रत्येक टायटॅनिअमभोवती सहा ऑक्सिजनचा अष्टफलक असतो. तापमान सुमारे १०५ केल्व्हिनच्या खाली गेले की हे अष्टफलक एका अक्षाभोवती किंचित वळतात आणि रचना चतुष्कोनी होते, गट क्रमांक १४०. शेजारचे अष्टफलक एकमेकांच्या उलट वळतात, आणि वरच्या थरातले खालच्या थराच्या उलट.

हालचालीचे सूत्र सोपे आहे. प्रत्येक टायटॅनिअमला तीन दिशांचे तीन क्रमांक द्यावेत. त्यांची बेरीज सम असेल तर चिन्ह अधिक, विषम असेल तर वजा. वळण्याचा कोन जो असेल त्याच्या स्पर्शज्येला, म्हणजे टॅनला, बाजूच्या निम्म्याने गुणले की ऑक्सिजनचे विस्थापन मिळते. पहिल्या अक्षावर टायटॅनिअमच्या पुढे असलेला ऑक्सिजन त्या टायटॅनिअमच्या चिन्हानुसार दुसऱ्या अक्षाच्या दिशेने सरकतो. दुसऱ्या अक्षावरचा ऑक्सिजन उलट चिन्हाने पहिल्या अक्षाच्या दिशेने सरकतो. उभ्या अक्षावरचा जागचा हलत नाही. ते उलट चिन्ह विसरले तर अष्टफलक फिरण्याऐवजी तिरपे दबतात, आणि चूक लगेच डोळ्यांना दिसते.

आता आकडे घालून पाहावेत. कमी तापमानाला हा कोन सुमारे २ अंश असतो, म्हणजे विस्थापन ०.०७ अँगस्ट्रॉमपेक्षाही थोडे कमी. पडद्यावर सेलची बाजू ४०० पिक्सेलची असेल, तर ऑक्सिजन जेमतेम ७ पिक्सेल सरकेल आणि पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटेल. म्हणून कोन चौपट, ८ अंश, करावा. मग २८ पिक्सेलची हालचाल स्वच्छ दिसते. मात्र ‘कोन चौपट करून दाखवला आहे’ ही ओळ चित्रावरच लिहावी, खालच्या टिपेत नव्हे, कारण चित्रफीत टिपेपासून सहज सुटी होते. आठ अंशांना सेल तेवढीच ठेवली तर टायटॅनिअम-ऑक्सिजन बंध सुमारे एका टक्क्याने लांबतो; हे नको असेल तर दोन्ही आडव्या बाजू कोनाच्या कोसाइनने लहान कराव्यात.

हे आकडे साध्या स्प्रेडशीटमध्ये किंवा पायथनच्या ‘एएसई’ या संचाने तयार करून अनेक फ्रेमच्या ‘एक्सवायझेड’ फाइलीत लिहावेत. तिचे स्वरूप असे: पहिल्या ओळीत अणूंची संख्या, दुसऱ्या ओळीत टीप, मग प्रत्येक अणूची एक ओळ, आणि हाच क्रम प्रत्येक फ्रेमसाठी पुन्हा. दुप्पट-दुप्पट-दुप्पट सेल घेतली तर ४० अणू होतात. पण इथे मिठाच्या २७ आणि ८ गोळ्यांची आठवण ठेवावी: या फाइलीत सीमेवरचे जादा गोळे नसतात, त्यामुळे कडेचे अष्टफलक अर्धवट दिसतात. चौपट-चौपट-चौपट, म्हणजे ३२० अणूंचा तुकडा बनवून त्याचा मधला भागच दाखवणे हा सरळ उपाय. ओव्हिटोमध्ये फाइल उघडून फ्रेम चालवून पाहावी आणि ‘रेंडर’मध्ये पूर्ण ॲनिमेशन निवडून चित्रफीत काढावी. दृश्य अगदी वरून घेऊ नये, कारण दोन थरांचे उलट वळलेले ऑक्सिजन एकमेकांवर पडून गोंधळ होतो. थोडे तिरपे घ्यावे.

कोन वेळेनुसार कसा बदलायचा, हा निर्णय आता राहिला. ४८ फ्रेमचे एक आवर्तन धरून कोन साइनच्या लयीत मागेपुढे नेला, तर ते कंपन दिसते, आणि या पदार्थात तसे कंपन खरोखर आहे. तापमान १०५ केल्व्हिनकडे उतरताना तेच मंदावत जाते. रूपांतर दाखवायचे असेल तर मात्र कोन शून्यापासून वाढवून तिथेच थांबवावा. एकाच फायलीने दोन्ही दाखवण्याचा प्रयत्न केला, की पाहणारा थंड स्फटिक सतत डुलत असतो असा समज करून घेतो.

सीमेवरून उडणारा अणू

दोन ज्ञात रचनांच्या मधल्या फ्रेम काढताना प्रत्येक अणूच्या पहिल्या आणि शेवटच्या जागेतले अंतर सरळ रेषेत समान टप्प्यांत विभागतात. इथे एक खास अपघात होतो. पहिल्या रचनेत एखादा अणू ०.९८ या जागी असतो आणि दुसरीत ०.०२ या जागी. प्रत्यक्षात तो सीमा ओलांडून ०.०४ इतकाच सरकलेला असतो, पण सरळ वजाबाकी ०.९६ येते आणि अणू संपूर्ण सेल आडवी कापत उडत जातो. बाकी सगळे संथ हलत असताना एकच गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटताना दिसला, तर कारण हेच समजावे. प्रत्येक फरकातून त्याच्या सर्वांत जवळची पूर्ण संख्या वजा करावी, म्हणजे शेवटची जागा १.०२ होते आणि हालचाल योग्य दिशेने होते. सिम्युलेशनमधून आलेल्या फाइलीत हाच दोष असेल, तर ओव्हिटोमधील ‘अनरॅप ट्रॅजेक्टरीज’ हा मॉडिफायर तो दूर करतो.

सरळ रेषेने मोठे वळण दाखवू नये, हेही लक्षात असू द्यावे. ८ अंशांना फरक जाणवत नाही, पण एखादा गट ६० अंश वळत असेल तर मधल्या फ्रेममध्ये त्याचे बंध १३ टक्क्यांनी आखडतात, आणि रेणू श्वास घेतल्यासारखा दिसतो. तिथे जागेऐवजी कोन टप्प्यांत विभागावा.

तयार चित्रफीत दाखवण्यापूर्वी ती सलग वीस आवर्तने चालू ठेवून नुसती पाहत बसावी, आणि शक्य असेल तर रचना माहीत नसलेल्या एखाद्याला शेजारी बसवावे. सांध्यावरचा अडखळा, लुकलुकणारा बंध आणि अवेळी गायब होणारा कडेचा गोळा सहसा पाचव्या-सहाव्या आवर्तनाला नजरेत भरतात. शेजारच्या माणसाने मिठाच्या फेरीत ४५ अंशांच्या थांब्यावर आपण होऊन ‘आता रांगा लागल्या’ असे म्हटले, तर थांबा पुरेसा आहे. नसेल म्हटले, तर आणखी बारा फ्रेम घालाव्यात.